झाड म्हणजे अख्खं झाड

माणसाने सरकारी कचेरीत जाऊन 'थोडंसं' काही मागू नये. थोडंसं देण्याची सोय तिथे नसते. मी दोन-चार फांद्या मागायला गेलो आणि एका अख्ख्या झाडाचा मालक होऊन परत आलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या हिने या प्रकरणाची जी हकीकत गल्लीभर सांगितली आहे, तिच्यात मी झाड मागायलाच गेलो होतो असं येतं. ते साफ खोटं आहे.

फांद्या हव्या होत्या शेगडीसाठी आणि शेगडी घेतली होती आईसाठी. आई दादाकडे असते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याचं घर उंच इमारतीत आहे आणि तिथे सगळं बटणावर चालतं. बटण दाबलं की पडदे सरकतात, बटण दाबलं की भिंती गरम होतात. आमचं घर जुनं, बैठं, आणि हिवाळ्यात त्याच्या फरशीतून असा गारठा वर येतो की पायमोजे घालून झोपावं लागतं. त्यामुळे थंडी सुरू होण्याआधी मी फोन करून म्हणायचो, "दादा, यंदा आईला माझ्याकडे पाठव," आणि तो म्हणायचा, "तुझ्याकडे कुठे पाठवू, गोठेल ती." यात दुष्टपणा नव्हता. घरातलं अवघड काम दादाने करायचं आणि मी शेजारी उभं राहून बॅटरी धरायची, अशी वाटणी आमच्यात लहानपणी झाली होती. आईला सांभाळणं हेही अवघड काम समजून त्याने ते आपल्याकडे घेतलं होतं आणि मी बॅटरी धरून उभा होतो.

यंदा मी पुढच्या खोलीत लाकडाची शेगडी बसवून घेतली. काळी, लोखंडी, पुढे काचेचं दार आणि छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. फोटो काढून दादाला पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"ठीक आहे. रविवारी घेऊन येतो तिला. आठ दिवस बघू. मानवलं तर राहील हिवाळाभर, नाहीतर मी येऊन परत नेईन." मग जरा थांबून त्याने विचारलं, "लाकडं कोण फोडणार?"

"मी," मी म्हटलं.

फोनमधून हसण्याचा आवाज आला. दादा हसला याचं मला वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की आमची ही स्वयंपाकघरात होती, तिला फोनवरचं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि तीही नेमकी त्याच वेळी हसली.

लाकडं दुकानात मिळत नाहीत असं नाही. पण दुकानातल्या लाकडांच्या जुड्यांना रिबीन बांधलेली असते आणि प्रत्येक लाकूड तासून-पुसून ठेवलेलं असतं. वाढदिवसाला भेट द्यायला अशा जुड्या फार चांगल्या, जाळायला मात्र जीव होत नाही. त्याच सुमारास आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या बागेतलं एक जुनं झाड वादळात कललं आणि नगरपालिकेने ते कापून पाडलं. ऑफिसला जाता-येता मला ते दिसायचं. आडवं पडलेलं ते झाड बघून बाकीचे लोक हळहळत होते. मीही हळहळत होतो, पण माझं लक्ष फांद्यांकडे होतं.

उद्यान खात्याची कचेरी बागेच्या मागे, अवजारांच्या खोलीच्या माडीवर आहे. तिथले अधिकारी अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फांद्या देण्याची तरतूद नाही."

"मग?"

"झाड देता येतं."

"मला झाड नकोय. माझी शेगडी एवढीशी आहे," मी हाताने शेगडी दाखवली.

"असं बघा, नियमात झाडाची विल्हेवाट आहे, फांद्यांची विल्हेवाट नाही. तुम्ही फांद्या नेल्यात तर उरेल त्याला आम्ही काय म्हणायचं?"

"अर्धं झाड नाही का देता येणार?"

"झाड म्हणजे अख्खं झाड," ते शांतपणे म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही. मी स्वतः विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. नियमात न बसणारा माणूस समोर येऊन बसला की मलाही असंच शांत वाटतं. शिवाय त्यांनी चहा मागवला. झाड घरपोच मिळेल, ओंडके करून मिळेल, मला काही म्हणजे काही करावं लागणार नाही, फक्त इथे सही. इतक्या वर्षांत सरकारी कचेरीत मला कोणी पाणीही विचारलेलं नव्हतं, त्यामुळे चहा आल्यावर तरी मी सावध व्हायला हवं होतं. मी आणखी एक बिस्कीट घेतलं आणि सही केली.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात हिचा फोन आला. "अहो, झाड आलंय."

"वा. कुठे ठेवलंय?"

"कुठे ठेवलं नाही ते विचारा."

रस्त्यावर लाकूड टाकायला त्याच नगरपालिकेची मनाई आहे. म्हणून ट्रकवाल्यांनी क्रेनने एकेक ओंडका कुंपणावरून उचलून आमच्या अंगणात अलगद सोडला. फाटकापासून पायरीपर्यंत सगळं अंगण भरलं. आमचं फाटक आत उघडतं, म्हणजे त्या दिवसापर्यंत उघडायचं. आता त्याला आतून एक असा ओंडका टेकला होता की फाटक हा कुंपणाचाच भाग झाला. मी संध्याकाळी बॅग घेऊन फाटकाबाहेर उभा राहिलो, ती पायरीवर उभी राहिली आणि मधे झाड. बरीच वर्षं संसार केलेली माणसं अशा वेळी फारसं बोलत नाहीत. तिने नुसतं डावीकडे बोट दाखवलं.

डावीकडे दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचा दवाखाना घरातच आहे आणि रोगी अंगणातल्या बाकावर बसतात. आमच्या दोघांच्या मधल्या भिंतीला दोन्ही बाजूंनी स्टुलं लावून ये-जा करायची असं ठरलं. पहिल्याच संध्याकाळी मी बॅग, छत्री आणि डबा घेऊन भिंतीवर चढलो, तेव्हा बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. एक बाई हळूच म्हणाल्या, "बघा, बोलावण्याआधीच पळाला." दुसऱ्या एका गृहस्थांनी तर मला बसवण्यासाठी हात दिला आणि "इंजेक्शन देतानाच दुखतं, पुढे काही नाही" असा धीरही दिला. डॉक्टरांचे दोन रोगी त्या दिवशी माझ्याकडे बघून घरी गेले म्हणतात.

"माणूस लावा," ही म्हणाली.

"मी फोडणार आहे."

"तुम्हाला नारळ फुटत नाही."

नारळाची गोष्ट वेगळी आहे, तिच्यात मी इथे शिरत नाही. मुद्दा असा की आता माणूस लावणं शक्य नव्हतं. रविवारी दादा येणार, त्याला फोडलेल्या लाकडांची रास दिसणार, तो विचारणार "कोणी फोडली?" आणि मी म्हणणार "फोडली आपली." हे 'आपली' मी आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. सहज जमत होतं.

शनिवारी सकाळी समोरचे निवृत्त हेडमास्तर आले. भिंतीवरूनच आले, पण त्यांच्या हातात एक लांबलचक करवत होती, दोन्ही टोकांना मुठी असलेली. ओंडके माणसाच्या उंचीचे होते, ते आधी कापून आखूड करायला हवे होते. ती करवत दोघांनी चालवायची असते, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. दुसऱ्या टोकाला कोण, हा प्रश्न आला तेव्हा हेडमास्तर आणि डॉक्टर दोघेही हिच्याकडे बघू लागले.

या करवतीचा नियम एकच. आपली पाळी आली की ओढायचं, आणि समोरच्याची पाळी आली की ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. सांगायला सोपं आहे. आम्ही दोघांनी करवत धरली आणि पहिल्या क्षणापासून दोघंही ओढू लागलो. मग दोघंही एकदम ढकलू लागलो. करवत मधे वाकून उभी राहिली.

"सोडा ना," ही म्हणाली.

"तू सोड."

"मी सोडलीये. तुम्हीच ढकलताय."

"मी मदत करतोय."

"तीच करू नका म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फक्त करवतीबद्दल बोलत असल्यासारखा नव्हता. हेडमास्तर बाजूला उभे राहून "तुम्ही, आता त्या, आता तुम्ही" असा ठेका देऊ लागले. हळूहळू करवत चालू लागली आणि लाकडाचा भुसा पडू लागला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. ती घामाघूम झाली होती आणि तिच्या केसांत भुसा होता. बाकी काहीही म्हणो, आई यावी असं तिलाही वाटत होतं. मागची खोली तिने दोनदा पुसून ठेवली होती आणि ते मला सांगितलंही नव्हतं.

दुपारी कुऱ्हाडीची वेळ आली. कुऱ्हाड मी नवी आणली होती. कापलेल्या तुकड्यांमधला सगळ्यात मोठा मी निवडला, कारण शेजारी बघत असताना लहान निवडणं बरं दिसत नाही. तो तुकडा झाडाला जिथे दोन फाटे फुटतात तिथला होता, गाठीगाठींचा. पहिला घाव घातला तेव्हा कुऱ्हाड चेंडूसारखी उसळून परत आली. दुसऱ्या घावाला ती आत गेली आणि आतच राहिली. मी दांडा धरून ओढली, हलवली, ओंडक्यावर पाय देऊन ओढली. शेवटी ओंडका माझ्याबरोबर अंगणभर फिरू लागला.

"ओढू नका," भिंतीवरून डॉक्टर म्हणाले. "ओढून कधी निघत नाही. आधी आजूबाजूला सैल करायची." हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी त्यांच्या खुर्चीत पडल्या पडल्या पाहिलेला आहे. ते घरात जाऊन आपली कुऱ्हाड घेऊन आले, माझ्या कुऱ्हाडीच्या शेजारी एक नेमका घाव घातला आणि त्यांची कुऱ्हाड माझ्या कुऱ्हाडीशेजारी अडकून बसली. त्यांनी ती आधी डावीकडे सैल केली, मग उजवीकडे. मग ते कपाळ पुसून म्हणाले, "मूळ वाकडं आहे."

हेडमास्तरांना हे बघवेना. त्यांनी आपल्या घरून तिसरी कुऱ्हाड आणली, आम्हा दोघांना मागे उभं केलं, बलाचा आणि कोनाचा संबंध समजावून सांगितला आणि तिसरी कुऱ्हाड अडकवली.

"दुसरा ओंडका घ्या ना," ही पायरीवरून म्हणाली. "इतके पडलेत."

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं. आमची शिक्षणं सगळ्यांची धरली तर बरीच होतात, पण दुसरा ओंडका घ्यावा असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं, आणि तिने सांगितल्यावरही कोणाला ते पटलं नाही. हा ओंडका सोडायचा म्हणजे त्याच्यापुढे हात टेकायचे. शिवाय दुसरा ओंडका घ्यायला आता कुऱ्हाड कुठे होती. अंधार पडेपर्यंत आम्ही त्या एकाच तुकड्याभोवती होतो. माझ्या हातांना फोड आले. फोडलेलं लाकूड म्हणून जे जमलं ते एका टोपलीत मावलं, आणि त्यात बहुतेक साली आणि ढलप्या होत्या.

रविवारी दादा ठरल्यापेक्षा बराच लवकर आला. दादा नेहमीच लवकर येतो. मी बाहेर गेलो तर फाटकापलीकडे त्याची गाडी उभी, आणि फाटकाच्या गजांमधून आई आत बघत होती. अंगावर शाल, हातात एक लहानशी बॅग. गेल्या वेळी भेटली त्यापेक्षा ती वाळली होती. फोनवर ते कळत नाही.

"उघड," दादा म्हणाला.

"उघडत नाही."

दादाने फाटकाकडे, झाडाकडे आणि मग ओंडक्यात रुतलेल्या तीन कुऱ्हाडींकडे बघितलं. त्याचं असं बघणं लहानपणापासून मला बोलण्यापेक्षा जास्त लागतं.

आईला डॉक्टरांच्या अंगणातून आणलं. स्टूल डॉक्टरांनी धरलं, त्या बाजूने दादाने हात दिला, या बाजूने मी. ती भिंतीवर चढली आणि तिथेच बसली.

"आई, उतर. पाय घसरेल," दादा म्हणाला.

"थांब जरा. इथून सगळं छान दिसतंय," आई म्हणाली. तिने अंगण नीट बघून घेतलं. "एवढं सगळं माझ्यासाठी आणलंस?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

मग मी शेगडी पेटवली. सगळे पुढच्या खोलीत जमले. डॉक्टर आणि हेडमास्तरही आले, कारण लाकडं जळताना बघण्याचा त्यांचा हक्क होता. मी टोपलीतली लाकडं रचली, खाली कागद घातले आणि काडी लावली. कागद छान जळले. लाकडांनी आधी फेस काढला, मग शिट्टी वाजवल्यासारखा आवाज काढला आणि त्यानंतर धूर काढायला सुरुवात केली ती काही केल्या थांबेना. धुराडं होतं, पण हा धूर धुराड्याचं ऐकणारा नव्हता. शेगडीच्या फटीफटीतून तो खोलीत आला. काचेच्या दाराचं मला मोठं कौतुक होतं, त्यातून आता आतलं काही दिसत नव्हतं, आणि थोड्या वेळाने बाहेरचंही दिसेनासं झालं. आई खोकायला लागली. हिने सगळी दारं-खिडक्या सताड उघडली आणि बाहेरचा वारा आत घुसला. आमचं घर इतकं गार कधीच झालं नव्हतं.

"ओली आहेत लाकडं," धुरातून हेडमास्तरांचा आवाज आला. "नुकतंच तोडलेलं झाड. निदान एक उन्हाळा तरी वाळवावं लागतं."

"हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"अर्थात."

"मग काल दिवसभर बोलला नाहीत?"

"तुम्ही फोडण्याबद्दल विचारत होता. जाळण्याबद्दल कोणी विचारलंच नाही."

डॉक्टर म्हणाले की त्यांनाही माहीत होतं, पण मी पुढच्या हिवाळ्याची बेगमी करतोय असं समजून त्यांनी मनातल्या मनात माझं कौतुक केलं होतं.

दादाने आईची बॅग उचलली. तो चिडून बोलला असता तर मी भांडलो असतो, पण तो मवाळपणे बोलला. "धाकट्या, तू केलंस ते मनापासून केलंस, कळतंय मला. पण तिची छाती बघ. या वयात हे नाही चालायचं. चल आई, अजून उजेड आहे तोवर निघू."

आई डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. दादाचं बरोबर होतं. एवढा खटाटोप करून मी आईला भिंतीवर चढवलं, धुरात बसवलं आणि गारठवलं, आणि आता ती जाणार होती. पुढच्या वर्षी फोन करायलाही मला तोंड उरलं नव्हतं.

आम्ही अंगणात आलो. भिंतीकडे जाताना दादा त्या ओंडक्यापाशी थांबला. थांबायला नको होतं, पण तीन कुऱ्हाडी अडकलेल्या बघून पुढे जाणं त्याच्या स्वभावात नाही. त्याने बॅग खाली ठेवली, कोट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सरक."

मी कोट धरून शेजारी उभा राहिलो. दादाने मधल्या कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले, श्वास घेतला आणि ओंडक्यासकट कुऱ्हाड वर उचलली. ती खांद्यापर्यंत गेली. क्षणभर मला वाटलं की आता हाही फोडणार आणि मी पुन्हा नुसता बघणार. मग ओंडका खाली आला, पण दादा सरळ झाला नाही. तो तसाच काटकोनात राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "उसण भरली."

मी दाव्याच्या कागदांवर रोज लिहितो ते 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द मला आठवले. मी ते बोललो नाही, याची नोंद कोणीतरी घ्यावी. डॉक्टरांनी दादाला सगळीकडून बघितलं आणि हा आपला विभाग नाही असं सांगितलं. आम्ही त्याला आहे त्या स्थितीत उचललं आणि ओंडके ओलांडत, धडपडत आमच्या पलंगावर नेऊन ठेवलं. त्यात माझ्या हातांचे सगळे फोड फुटले. मीही शेजारच्या खुर्चीत हात वर करून बसलो.

"गरम पाण्याची पिशवी कुठे आहे?" आईने विचारलं.

हिने दाखवली. मग आईने तेल मागितलं, जुनं फडकं मागितलं. "कोणी सांगितलं होतं उचलायला?" ती दादाला म्हणाली. "पालथा हो. हलू नकोस. आणि तू, हात पुढे कर. फोडांना काही लावलंस का? नाही ना. अक्कल म्हणून नाही दोघांनाही." दादा मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. तो उशीत तोंड खुपसून "हो आई" म्हणत होता. आई पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या घालत होती. उघड्या खिडक्यांमुळे आम्ही सगळे कुडकुडत होतो आणि तिने शाल काढून खुंटीला लावली होती.

दादाला पुढचे बरेच दिवस उठता आलं नाही. ही बाजारातून रिबिनीच्या जुड्या घेऊन आली. शेगडी त्या वाळक्या लाकडांवर इतकी गुणी निघाली की मला तिचा राग आला. पण आई शेगडीपाशी बसेल तर ना. सकाळी ऊन आलं की ती अंगणात. करवतीच्या एका टोकाला ही आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर, आणि डॉक्टरांना "सोडा हो, ढकलू नका" हे आई सांगायची. हेडमास्तरांनी कुठून तरी लोखंडी पाचर आणि घण आणला. पाचर ठोकून लहान लहान तुकडे फुटू लागले तशी हेडमास्तरांची भाषणं कमी झाली. फुटलेली लाकडं आई भिंतीशी रचायची, एक आडवं, एक उभं, मधून वारा जाईल अशी. त्या तीन कुऱ्हाडींचं काहीच झालं नाही. आईने तिन्ही दांड्यांवर फडकी वाळत घातली. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो आणि सवयीने डॉक्टरांच्या अंगणात शिरलो, तर बाकावरच्या एका आजोबांनी सांगितलं की समोरून जा, तुमचं फाटक उघडलंय.

दादा हिंडू-फिरू लागला आणि त्याची निघायची सकाळ आली. वहिनीचा फोन येऊन गेला होता, आईच्या खोलीच्या भिंती गरम करून ठेवल्या आहेत म्हणून. दादाने आईची बॅग स्वतः नेऊन गाडीत ठेवली. कमरेला पट्टा असल्याने तो फार ताठ चालत होता. आई लाकडांच्या राशीपाशी उभी राहून वरची लाकडं उलटी करत होती, खालची बाजू उन्हाला यावी म्हणून. मी पायरीवर बसलो होतो. विचारायचं धैर्य मला नव्हतं.

"आई, निघायचं ना?" दादाने विचारलं.

"तू जा," आई म्हणाली. "मी राहते इथे हिवाळाभर."

"इथे गारठा आहे आई. तिकडे सगळं आहे. तुला एक काडी इकडची तिकडे करावी लागत नाही."

"तेच ना," आई म्हणाली. हातातलं लाकूड तिने खाली ठेवलं नाही. "तू म्हणतोस बस, सूनबाई म्हणते बसा. तुम्ही दोघं कामाला गेलात की मी बसते. भिंती गरम असतात, सगळं खरं. पण बसून बसूनच थंडी वाजते रे."

मी जिंकलो होतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि मला दादाकडे बघवत नव्हतं. त्याने तिला काही करू दिलं नव्हतं ते प्रेमापोटीच. आईलाही ते दिसलं असावं, कारण तिने पुढे होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पट्ट्याच्या जरा वर.

दादाने गाडीतून बॅग काढली आणि पायरीवर माझ्या शेजारी ठेवली. मग त्याने गाडीची डिकी उघडली आणि उघडीच ठेवून तो अंगणात परत आला. कापून ठेवलेल्या, अजून न फोडलेल्या ओंडक्यांकडे बघत त्याने मला विचारलं, "यातले थोडे मी नेऊ?"

"तुझ्याकडे शेगडी कुठे आहे?"

"नाहीये. बाल्कनी आहे. दुपारभर ऊन असतं तिथे." तो खाली बघून बोलत होता. "उन्हाळ्यात ती येईल ना माझ्याकडे. तेव्हा तिला हाताशी काहीतरी लागेल."

त्याला उचलायची परवानगी नव्हती. मी आणि ही दोघांनी मिळून एकेक ओंडका डिकीत चढवला. मी चांगले, सरळ, बिनगाठीचे बघून देत होतो. "मोठे दे त्याला," आई राशीपासून म्हणाली. "लगेच संपायला नकोत." गाडीचा मागचा भाग रस्त्याला टेकायला आला तेव्हा आम्ही थांबलो. दादा गाडीत बसला आणि फार सावकाश, अगदी सावकाश निघाला.